नूक मोठे झाले म्हणून कांगर्लुसुआक मोडीत काढू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ग्रीनलंडची राजधानी नूक इथल्या नव्या विमानतळावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. इतक्या दूरच्या विषयाला मराठी वृत्तपत्राने अख्खे पान दिले याचा फार आनंद झाला. छायाचित्रेही सुरेख होती. पण शेवटच्या परिच्छेदाशी येऊन मी अडखळले. मोठी विमाने आता थेट नूकला उतरतात, त्यामुळे कांगर्लुसुआकचा जुना विमानतळ इतिहासजमा झाला, अशा अर्थाचे त्यात लिहिले आहे. ते वाचून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र. लांबले तर क्षमा करावी. थोडक्यात सांगण्यासारखा हा विषय नाही.

माझे सांगते. मी ३१ वर्षे विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होते. विमान चालवतो वैमानिक. पण कोणत्या मार्गाने जायचे, किती इंधन भरायचे, वाटेत काही बिघडले तर कुठे उतरायचे आणि मुक्कामाचे ठिकाण बंद मिळाले तर कुठे वळायचे, हे ज्या कागदावर ठरते तो कागद आमच्या टेबलावर तयार होतो. उत्तर अटलांटिकवरून जाणारी विमाने माझ्याकडे असत. त्यांच्या कागदावर 'बीजीएसएफ' ही चार अक्षरे मी किती हजार वेळा लिहिली असतील, मोजदाद नाही. ती चार अक्षरे म्हणजे सोंद्रे स्ट्रोमफ्योर्ड, आजचे कांगर्लुसुआक. नाव बदलले तरी विमानांच्या कागदांवर जुन्या डॅनिश नावाची अक्षरे तशीच राहिली. नूकचेही तसेच, त्याची 'बीजीजीएच' ही अक्षरे गोडथॉब या जुन्या नावावरून आली आहेत.

इतक्या वर्षांत माझे एकच विमान तिथे खरोखर उतरले. एका प्रवाशाच्या छातीत कळ आली होती. रात्रीची वेळ, खाली बर्फ, आणि जवळची लांब धावपट्टी तीच एक. त्या रात्री मी टेबलावरून उठले नाही. तिकडून 'उतरले' असा निरोप आला तेव्हा मला रडू फुटले होते, हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे. तो प्रवासी वाचला. तेव्हापासून त्या जागेशी माझे नाते जडले, आणि मुलगी नोकरीसाठी नूकला गेल्यावर ते आणखी घट्ट झाले. ती तिथे माशांच्या संशोधनाचे काम करते.

लेखात दोन चुका आहेत, त्या आधी सांगते. नूक आर्क्टिक वर्तुळाच्या आत असल्याचे म्हटले आहे. ते साधारण ६४ अक्षांशावर, म्हणजे वर्तुळाच्या दक्षिणेला आहे. वर्तुळाच्या आत आहे ते ६७ अक्षांशावरचे कांगर्लुसुआक. दुसरे, नूकचा नवा विमानतळ चिनी कंपनीने बांधल्याचा सूर लेखात आहे. चिनी कंपनी स्पर्धेत होती, हे खरे. त्यावरून अमेरिका अस्वस्थ झाली, ग्रीनलंड ज्याच्या राज्याचा स्वायत्त भाग आहे ते डेन्मार्क जागे झाले, आणि २०१८ मध्ये डॅनिश सरकारने ७० कोटी क्रोनर घालून विमानतळ कंपनीत एक तृतीयांश वाटा घेतला. त्या करारावरून ग्रीनलंडच्या आघाडी सरकारमधून एक पक्ष बाहेरही पडला. पुढे चिनी कंपनीने माघार घेतली आणि काम मुंक या डॅनिश कंपनीकडे गेले. हे राजकारण वाचकांना रंजक वाटते, ते मी समजू शकते. पण ग्रीनलंडच्या विमानतळाबद्दल मराठीत जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा अमेरिका, चीन, डेन्मार्क हेच तीन शब्द दिसतात. तिथे राहणारी ५७ हजार माणसे त्यात कुठेच नसतात. त्या ५७ हजारांना एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही, आणि विमानतळाची गोष्ट खरे तर तिथूनच सुरू होते. दोन गावांना जोडणारा एकही रस्ता त्या देशात नाही. एक तर बोटीने जायचे, नाही तर विमानाने किंवा हेलिकॉप्टरने.

आता कांगर्लुसुआक म्हणजे काय ते सांगते. ग्रीनलंडच्या भाषेत या नावाचा अर्थ 'मोठा फ्योर्ड'. सुमारे १९० किलोमीटर आत शिरलेली खाडी, आणि तिच्या अगदी टोकाला ही धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, अमेरिकेने ती बांधायला घेतली. जागा निवडणाऱ्यांनी समुद्र मुद्दामच टाळला असावा. किनारा दूर, समोर बर्फाची प्रचंड चादर, त्यामुळे हवा कोरडी आणि वर्षातले बहुतेक दिवस आकाश मोकळे. थंडी मात्र कडाक्याची. हिवाळ्यात पारा उणे तिशीच्याही खाली जातो. पण विमानाला थंडीचे भय नसते, उलट थंड, जड हवा पंखांना मानवते. विमानाचा वैरी धुके आणि आडवा वारा, आणि ती दोन्ही तिथे कमी. १९५४ मध्ये कोपनहेगनहून ध्रुवाकडच्या वाटेने लॉस एंजेलिसला विमाने जाऊ लागली, तेव्हा ती इंधनासाठी इथेच थांबत. १९९२ मध्ये अमेरिकी तळ उठला आणि विमानतळ ग्रीनलंडकडे आला. २,८१० मीटरची ती धावपट्टी म्हणजे मोठ्या विमानांसाठी त्या देशाचा महादरवाजाच झाली. कोपनहेगनहून येणारे विमान इथे उतरायचे, आणि इथून लहान लाल विमाने गावोगाव जायची.

कारण नूकची धावपट्टी फार लहान होती. १९७९ मध्ये ती झाली तेव्हा हजार मीटरचीही नव्हती. तिथे डॅश-७ सारखी, आखूड धावपट्टीसाठीच बनवलेली चार पंख्यांची विमाने उतरत, पुढे डॅश-८ आली. पस्तीस ते पन्नास माणसे बसतील एवढी. देशाच्या राजधानीत परदेशाहून थेट जेट विमान उतरू शकत नाही, ही गोष्ट तिथल्या लोकांना किती लागत असेल, ते मी २०१९ मध्ये पाहिले.

मार्च महिना होता. मुलीकडे पहिल्यांदाच निघाले होते. कोपनहेगनहून कांगर्लुसुआकला वेळेवर पोहोचले. बाहेर लख्ख ऊन, वाऱ्याची झुळूक नाही. विमानतळाबाहेर तो प्रसिद्ध खांब आहे, इथून कोणते शहर किती तासांवर आहे ते बाणांनी दाखवणारा. त्याच्याजवळ फोटो काढून आत आले तर फलकावर नूकच्या नावापुढे 'उशीर' लागलेला. नूकला वादळी वारा होता. संध्याकाळी 'उशीर' जाऊन 'रद्द' आले. अशा दोन रात्री मी तिथे काढल्या.

माझ्या शेजारच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या. कोपनहेगनला कर्करोगावर उपचार घेऊन परत निघाल्या होत्या. ग्रीनलंडमध्ये गंभीर आजाराच्या रुग्णांना कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटलमध्ये पाठवतात, आणि तिथे ग्रीनलंडच्या रुग्णांसाठी स्वतंत्र निवासही आहे. त्यात त्या सात आठवडे राहिल्या होत्या. त्यांना नूकला तपासणी करून पुढे किनाऱ्यावरच्या आपल्या गावी, मानिट्सोकला जायचे होते. माझ्या मोडक्या डॅनिशमध्ये आणि त्यांच्या तुटक इंग्रजीत आमचे बोलणे झाले. उद्या विमान जाईल का, असे मी विचारले की त्या म्हणायच्या, 'इमाका'. म्हणजे 'कदाचित'. हा शब्द तिथे इतका रुळलेला आहे की लोक आपल्या विमानसेवेलाच लाडाने 'इमाका एअर' म्हणतात. आजींनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. माझा मात्र जीव तुटत होता. डोक्यावरचे केस गेलेली ती बाई घरापासून तासाभराच्या अंतरावर, दोन दिवस टेकून बसली होती.

म्हणून, २८ नोव्हेंबर २०२४ रोजी नूकची २,२०० मीटरची नवी धावपट्टी सुरू झाली आणि कोपनहेगनहून आलेले मोठे लाल विमान थेट राजधानीत उतरले, तेव्हा मुलीने पाठवलेले चित्रीकरण मी चार वेळा पाहिले. त्या विमानाचे नाव 'तूक्काक', म्हणजे हार्पूनचे, शिकारीच्या भाल्याचे, टोक. एअरबस ए३३०-८०० जातीचे, ३०५ आसनांचे. नूकची वस्तीच वीस हजारांच्या आसपास, आणि त्यातले कितीतरी लोक त्या दिवशी बर्फात उभे होते. राणी इंग्रिड रुग्णालय त्याच शहरात आहे. तिथून निघालेला रुग्ण आता वाटेत विमान न बदलता कोपनहेगनला पोहोचतो. २०२५ च्या जूनमध्ये नेवार्कहूनही उन्हाळ्यापुरती, आठवड्यातून दोनदा थेट सेवा सुरू झाली. पूर्वी अमेरिकेतून नूकला जाणारा माणूस बहुधा आधी अटलांटिक ओलांडून युरोपात किंवा आइसलँडला जायचा आणि मग मागे वळायचा. विमानाच्या पोटातून ताजी मासळी जाऊ शकते, हे तर त्या देशासाठी फारच मोठे; त्यांच्या निर्यातीत नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा मासळीचाच. थोडक्यात, नूकचा विस्तार व्हायलाच हवा होता. याबाबत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण गाडी अडते ती पुढे.

कोणत्याही विमानाचा कागद तयार करताना डिस्पॅचर पहिला प्रश्न विचारतो: तिथे उतरता आले नाही तर? मुक्कामापर्यंतचे इंधन, वाटेतल्या अडीअडचणीचे इंधन, मग पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे इंधन, आणि शेवटी हात न लावण्याचे अर्ध्या तासाचे. यातला पर्यायी विमानतळ जितका दूर, तितके जास्त इंधन घेऊन निघावे लागते. पर्यायी विमानतळच नसेल तर त्या ठिकाणाला आम्ही 'एकाकी' म्हणतो. एकाकी ठिकाणी जाताना मुक्कामावर दोन तास पुरेल एवढे इंधन शिल्लक राहील, असा हिशेब करून निघायचे, आणि वाटेत एक बिंदू ठरवायचा. त्या बिंदूपर्यंत मुक्कामाचे हवामान पक्के कळले नाही तर तिथूनच परत फिरायचे.

नूकच्या आजूबाजूला काय आहे ते नकाशावर पाहा. कांगर्लुसुआक सुमारे ३२० किलोमीटर. डेव्हिस सामुद्रधुनीपलीकडे कॅनडातले इकालुइट आठशेच्या वर. आइसलँडचे केफ्लाविक चौदाशेच्या आसपास. ए३३०-८०० ला तासाला ढोबळमानाने पाच-साडेपाच टन इंधन लागते. कांगर्लुसुआक पर्याय म्हणून धरले तर अर्ध्या-पाऊण तासाचे जादा इंधन पुरते. केफ्लाविक धरले तर जवळजवळ पावणेदोन तासांचे. म्हणजे प्रत्येक फेरीला पाच ते सात टनांचा फरक. आणि हे जड इंधन वाहून न्यायलाही इंधन जळते. वजनाची मर्यादा आडवी आली की काही तरी उतरवावे लागते, मासळी किंवा माणसे. हा हिशेब तिकिटावर छापलेला नसतो, पण तिकिटाच्या दरात तो असतोच.

म्हणून माझे म्हणणे असे, की कांगर्लुसुआक चालू ठेवायला जो खर्च येतो तो नूकच्या खात्यात धरला पाहिजे. तो जुन्या विमानतळाचा तोटा म्हणून वेगळा लिहिला की वर्षाअखेरीस कुणीतरी बोट ठेवून म्हणणारच, रोज येणारे मोठे विमान गेले, प्रवासी आटले, मग हे कशासाठी पोसायचे? नूकच्या धावपट्टीची ती दुसरी बाजू आहे. विमा उतरवला आणि वर्षभर आजारी पडलो नाही, म्हणून हप्ता वाया गेला असे कोणी म्हणत नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही योग्यच आहेत. पहिला पैशाचा. ५७ हजारांचा देश, सरकारी खर्चाचा जवळपास निम्मा भार डेन्मार्कच्या अनुदानावर. त्यांनी किती विमानतळ सांभाळायचे? शिवाय कांगर्लुसुआकच्या जमिनीत गोठलेली माती आहे, ती वितळू लागली की डांबर खचते. विमाने उभी करण्याच्या जागेचा काही भाग २००० साली पांढरा रंगवावा लागला, उन्हाची उष्णता परत फेकली जावी म्हणून. नूकची धावपट्टी अतिप्राचीन, कठीण खडक फोडून केली, तिला ही चिंता नाही. म्हणजे जुन्याच्या डागडुजीवर दरवर्षी पैसा जाणार, हे मान्य. पण अंग राखून हळूहळू सोडून दिलेला विमानतळ वाईट. तो कागदावर असतो आणि गरजेच्या रात्री नसतो. तेव्हा राखायचा तर नीट राखा, आणि त्यासाठी लागणारा पैसा राजरोस मोजा.

दुसरा आक्षेप इलुलिस्सातचा. तिथेही २,२०० मीटरची धावपट्टी होते आहे, ती २०२६ मध्ये सुरू करण्याचे ठरलेले होते. ती झाली की पर्याय मिळाला, मग कांगर्लुसुआक हवे कशाला? मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. इलुलिस्सात नूकपासून साडेपाचशे किलोमीटरवर आहे, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे: तेही किनाऱ्यावरच आहे. उन्हाळ्यात थंड समुद्रावरून धुके सरकत येते ते सगळ्या किनाऱ्यावर येऊ शकते. ज्या कारणाने मुक्काम बंद झाला त्याच कारणाने पर्यायही बंद होत असेल, तर तो पर्याय कसला? आमच्या टेबलावर हे नव्याने आलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगत असत. कांगर्लुसुआकचे मोल त्याच्या १९० किलोमीटर आत असण्यात आहे. ते दुसरीकडे बांधून मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट, जिची फारशी चर्चा होत नाही. पूर्वी सगळ्या देशाच्या उड्डाणांची गाठ कांगर्लुसुआकला होती. नूकला धुके पडले तर नूकचे प्रवासी अडकत; उत्तरेकडच्या गावांना जाणारी विमाने सुटत. आता गाठ नूकला बांधली आहे. नूक बंद पडले की सिसिमियुतचा, आसियातचा, मानिट्सोकचा माणूसही अडकतो. राजधानीला थेट विमान मिळाले, पण देशाचा मुख्य थांबा निरभ्र जागेवरून धुक्याच्या जागेवर हलला. मानिट्सोकच्या त्या आजींसारख्यांचे यात बरे झाले की वाईट, याचे उत्तर ऋतूवर आणि नशिबावर अवलंबून आहे. नूकला चांगली हवा असेल तर त्यांचा प्रवास सोपा झाला. नसेल तर, पुन्हा 'इमाका'.

हे सगळे मी टेबलामागे बसून सांगत नाही. २०२५ च्या जूनच्या अखेरीस मी पुन्हा गेले. या वेळी कोपनहेगनहून थेट नूक. उतरायला वीस मिनिटे असताना विमान गोल फिरू लागले. खिडकीतून खाली पांढऱ्याशुभ्र धुक्याची सपाट चादर, आणि तिच्यातून एकटा सेर्मिट्सियाकचा सुळका वर आलेला. बाराशे मीटरचा तो डोंगर नूकच्या उत्तरेला आहे. मुलीच्या स्वयंपाकघरातून दिसतो. शेजारचा मुलगा त्याचे फोटो काढत होता. मी मनात इंधन मोजत होते. तीन फेऱ्या झाल्या. एकदा खाली गेलो, चाके बाहेर आल्याचा आवाज आला, आणि पुन्हा जोर लावून वर. मग वैमानिकाने सांगितले, कांगर्लुसुआकला जात आहोत.

अर्ध्या तासात आम्ही उतरलो तेव्हा तिथे इतके ऊन होते की लोकांनी स्वेटर काढले. डास अंगावर आले. जिना घेऊन आलेल्या तरुणाशी मी खाली उतरल्यावर बोलले. सकाळी त्याची पाळी संपली होती, फोन आल्यावर परत आला होता. इंधनाची गाडी आली, अग्निशमनचे लोक आपल्या जागी होते, हवामान निरीक्षक होता, रेडिओवर बोलणारी बाई होती. आमच्या विमानाइतक्या लांबीच्या विमानासाठी नियमानुसार अग्निशमनाची किमान तीन वाहने तयार लागतात, आणि ती चालवणारी शिकलेली माणसे. साऱ्या गावाची वस्ती पाचशेच्या आसपास! त्यातून ही माणसे उभी राहतात. त्यांच्या गावात आम्ही तीनशे जण न सांगता येऊन उतरलो होतो आणि कोणाच्या कपाळावर आठी नव्हती. जुन्या तळाच्या इमारतीतल्या उपाहारगृहात एका बाईने मोठ्या पातेल्यात कॉफी केली.

त्या तरुणाने सांगितले, त्याची बहीण आणि मेहुणा नूकला गेले. काम आता तिकडे आहे. शेजारची दोन घरेही रिकामी झाली. 'तुम्ही?' असे मी विचारले. तो म्हणाला, त्याचा जन्म इथला, त्याच्या वडिलांनी याच विमानतळावर बर्फ उपसणारी गाडी चालवली. हे गाव विमानतळामुळेच वसले; त्याआधी तिथे वस्ती नव्हती, आणि विमानतळ गेला तर राहायला दुसरे कारण नाही. तीन तासांनी नूकवरचे धुके विरळले आणि आम्ही निघालो. तो खाली उभा राहून हात हलवत होता.

माझी काळजी नेमकी इथे आहे. धावपट्टी टिकवता येते, डांबर पुन्हा घालता येते. पण अशा ठिकाणचा विमानतळ म्हणजे रात्री फोन आल्यावर येणारी तीस-चाळीस माणसे. ती एकेक करून नूकला गेली, शाळेत मुले उरली नाहीत, दुकान बंद झाले, तर चार वर्षांनी कागदावर 'बीजीएसएफ' ही अक्षरे कोणीतरी लिहील आणि पलीकडे रेडिओ उचलायला कोणी नसेल. या माणसांना तिथे राहण्याजोगी कायमची नोकरी, घराची हमी आणि मुलांसाठी शिक्षक देणे, हा विमान सुरक्षेचा खर्च आहे. तो अनुकंपेचा खर्च समजू नये.

पर्यटनाबद्दल लेखात बरेच कौतुक आहे. त्यावर मी फार लिहीत नाही. लोकांनी जावे, ती भूमी पाहावी, मीही पाहिली. एवढेच सांगते, की सकाळी एका विमानातून उतरणारे तीनशे पाहुणे हे नूकसारख्या शहरातही मोठा आकडा असतो, आणि इलुलिस्सातची वस्ती तर पाच हजारांच्या आत-बाहेर. तिथला हिमफ्योर्ड २००४ पासून जागतिक वारसा आहे. विमाने किती येणार याआधी खाटा किती, डॉक्टर किती, शोधपथके किती, हे मोजायला हवे.

संपादक महोदय, माझी विनंती दोन गोष्टींची आहे. कांगर्लुसुआक इतिहासजमा झाल्याचे वाक्य दुरुस्त करावे. आणि जमल्यास त्या विमानतळावर, तिथल्या माणसांवर, एक स्वतंत्र लेख छापावा. नूकच्या उद्घाटनाची छायाचित्रे जगभर गेली. धुक्याच्या दिवशी त्याच नूकचे प्रवासी ज्यांच्या दारात उतरतात, त्यांचे छायाचित्र मी अजून कोणत्याही मराठी वृत्तपत्रात पाहिलेले नाही.

पुढच्या महिन्यात मुलगी सुट्टीवर येणार आहे. रोज सकाळी चहा टाकला की मी दोन्ही ठिकाणचे हवामान उघडून पाहते, जुनी सवय. आज नूकला दृश्यता आठशे मीटर, ढग जमिनीलगत. कांगर्लुसुआकला वारा शांत, आकाश निरभ्र.

आपली नम्र,
एक वाचक
(निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर)